यामागाताची सून

कानाएनं स्वतःहून काही मागितलं, असं गेल्या वर्षभरात घडलंच नव्हतं. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी चहाचा पेला न उचलताच ती म्हणाली, "मावशी, दोन दिवस यामागाताला जायचं का? गरम पाण्यात डुंबू, नदीकाठी अळकुड्यांचा रस्सा खाऊ," तेव्हा मी का, कशाला, काही विचारलं नाही. दुकानाच्या दारावर पाटी अडकवली आणि तिकिटं काढून आणली.

कावागोएला माझं किमोनो धुण्या-उसवण्या-शिवण्याचं दुकान आहे. नवरा कधीचाच गेला, मूलबाळ नाही. कानाए माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. समुद्र त्यांच्या गावात शिरला त्या आठवड्यात ती दात दाखवायला माझ्याकडे आली होती, म्हणून वाचली. बहीण, मेहुणा, घर, अख्खी गल्ली, काही उरलं नाही. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, तेव्हापासून माझ्या पदरात आहे, आणि मला तिच्याशिवाय कुणी नाही.

नोव्हेंबरात तिचं लग्न होतं. मुलगा हिरोताका जरा बावळट, पण सोन्यासारखा. तारीख आधी दोनदा पुढे ढकलावी लागली होती, कारण नवरी मुलगीच अंथरूण सोडेना. कशानं झिजतेय ते एकाही डॉक्टरला सांगता येईना. चिमणीएवढं खायची. ऑगस्टच्या काहिलीतही हातपाय बर्फ. दिवसाढवळ्या बसल्या जागी डोळा लागायचा, आणि जागी झाली की फार लांबून चालत आल्यासारखी दमलेली असायची. हिरोताकाच्या आईनं एकदा साखर पेरून विचारलं, "मिसाओबाई, मुलीच्या मनात दुसरं कुणी नाही ना?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिच्या घरात काय काय चालतं ते मी तिला दोन वाक्यांत ऐकवलं. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

गाडीत मात्र पोर खुलली. डोंगर सुरू झाले तशी खिडकीला नाक लावून बसली. "बघ, माझं औषध डॉक्टरांच्या डोक्यात आलंच नाही," मी म्हणाले. "घर-दुकान सोडून चार दिवस भटकायचं, एवढंच होतं ते."

"तू नेहमीच बरोबर असतेस, मावशी," ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातलं अंडं उचलून खाल्लं.

यामागाताला उतरलो तेव्हा दुपार होती. स्टेशनाबाहेरच्या बाजारात एक म्हातारी मोठ्या पातेल्यात कोन्याकू कंदाचे लिबलिबीत गोळे सोयाच्या पाण्यात उकळत बसली होती. काडीला टोचलेले ते काळपट गोळे बघितल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी दोन काड्या मागितल्या. म्हातारीनं मला एक दिली, मोहरी फासून. कानाएला दिली ती कोरी.

"अहो, तिला मोहरी नको का विचारा तरी," मी म्हणाले.

"तिला काय इचारायचं? ती कधी घेती व्हय मोहरी?" म्हातारी हसली. मग कानाएकडे बघून, "आज मालक कुटं ऱ्हायले, सूनबाई? भांडलात की काय?"

"हिचं लग्न व्हायचंय अजून," मी म्हणाले. "तुमचा चष्मा बदला, आजी."

"माजी नजर झकास हाय, बाई. शिबुएंची सून मी वळखायची न्हाई व्हय? दर सणाला दोघं हितं उभी ऱ्हाऊन खात्यात." तिनं कानाएच्या काडीवर एक गोळा जास्तीचा टोचला. "हा त्याला ने. त्याला लई आवडतो."

मी कानाएकडे बघितलं. ती पहिल्यांदाच या गावात आली होती. आता ती खो खो हसेल, पुढे महिनाभर या गमतीवर आम्ही जगू, असं मला वाटलं. ती हसली नाही. लाजली. आणि खरंच ती मोहरी खात नाही.

हॉटेल जुनं, लाकडी, गरम झऱ्याच्या वासाचं होतं. आंघोळी करून आम्ही खोलीत आलो तर मालकीणबाईंनी संध्याकाळची ताटं मांडली होती. तीन.

"आम्ही दोघीच आहोत," मी म्हणाले.

"हो का? मग ते..." बाई दाराकडे बघत गडबडल्या. "तुमचे जावई ना ते? आत्ता यांच्या मागोमाग जिना चढले की. मी म्हटलं, दादा कपडे बदलून येतील, तोवर वाढून ठेवावं."

"कसले जावई? कुणाचे दादा? तुमच्या हॉटेलात कोणीही उठून बायकांच्या मागं जिना चढतो?"

बाईंची पाचावर धारण बसली. वाकून वाकून माफी मागत त्या तिसरं ताट उचलायला गेल्या, तर कानाएनं त्यांचा हात धरला. "राहू दे ना मावशी. एक ताट जास्त झालं तर काय बिघडलं?"

मग ती जेवली. कित्येक महिन्यांत जेवली नव्हती तशी जेवली, गालावर लाली चढली. मी सुखानं बघत होते. तेवढ्यात तिनं रश्श्यातला मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा उचलला आणि न बघता, सवयीनं, शेजारच्या रिकाम्या आसनापुढच्या वाटीत टाकला. मी मान खाली घालून भात खात राहिले. मला भीती वाटत होती, आणि ती पोरीसमोर दिसू द्यायची नव्हती.

सकाळी मी उठले तेव्हा कानाए खिडकीशी उभी होती. तिच्या अंगावर हॉटेलचा युकाता, झोपायचा सुती किमोनो, होता, आणि तो पाहून मी अंथरुणातून ओरडलेच. डावा पदर वर घ्यायचा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. उजवा पदर वर घेतात तो फक्त मढ्याला नेसवताना. किमोनोच्या दुकानात वावरलेली मुलगी ती! मी धावत जाऊन तो सोडला आणि नीट नेसवला.

"लग्न तोंडावर आलंय, आणि हा कसला अभद्रपणा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मी कुठं नेसले, मावशी? जाग आली तेव्हा असाच होता." तिचे हात बर्फासारखे होते. "आपण टेकडीवरच्या देवळात जाऊ या? बस समोरूनच सुटते."

बस समोरूनच सुटते हे तिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. देऊळ म्हटल्यावर मला बरं वाटलं, इतकंच. देवाच्या दारात काय वाईट होणार, असा माझा हिशेब.

बस थेट देवळाच्या फाटकाशी थांबली. कानाए पुढे, मी मागे. मुख्य गाभाऱ्याकडे न वळता ती बाजूच्या लांब दालनात शिरली. आत भिंतभर चित्रं लावलेली होती. सगळी लग्नाची. नवरा काळ्या पोशाखात, नवरी पांढऱ्यात, मागे वऱ्हाडी. मला कळायला वेळ लागला नाही. इकडच्या या चालीबद्दल मी गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. लग्नाआधीच मेलेल्या मुलाचं, तो जिवंत असता तर ज्या वयात उजवला असता त्या वयात, आईबाप चित्रात लग्न लावून देतात. नवरी चित्रकारानं मनानं रंगवलेली असते. पोर वर एकटं राहू नये, एवढाच हेतू.

कानाए एका नव्या चित्रापुढे थांबली होती. मी तिच्याजवळ गेले आणि वर बघितलं.

चित्रातली नवरी कानाए होती. तिच्यासारखी कोणी नव्हे, कानाएच. डाव्या डोळ्याखालचा तीळ, जरा पुढे आलेला उजवा कान. मी त्या केसांच्या वेण्या घातल्यात, तो कान मी हजारदा बघितलाय. खाली दोन नावं होती. शिबुए तोमोया. आणि कानाए.

"तोमोया," ती हळूच म्हणाली. "आमच्या गावात त्याच्या काकांचं घर होतं. उन्हाळ्यात यायचा. आम्ही धक्क्यावर बसून माकूळ भाजायचो. मावशी, हा गेला? मला कुणीच कसं नाही सांगितलं? पण गेला कसा असेल, काल तर..."

ती थांबली. मी तिला दंडाला धरून दालनाबाहेर आणलं आणि देवळाच्या गुरुजींना हाक मारली.

गुरुजी पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, पडवीत नासपाती खात बसलेले. माझं बोलणं त्यांनी आधी हसत ऐकलं. मग कानाएकडे बघितलं, तसं हसू गेलं.

"नियम एकच आहे हो," ते म्हणाले. "जिवंत माणसाचं नाव आणि तोंड त्यात घालायचं नाही. घातलं तर वरचा त्याला घेऊन जातो, अशी समजूत आहे. शिबुएबाईंना मी स्वतः विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मुलगी लाटेत गेली, घरातलं कुणीच वाचलं नाही. गेल्या शरदात लावलं हे चित्र."

गेल्या शरदापासूनच पोर झिजायला लागली होती.

"काढा ते. आत्ताच्या आत्ता जाळा."

"मी काढून भागणार नाही. ज्यांनी लग्न लावलं त्यांनीच मोडायला हवं, आणि तेही मुलाला सांगून. मी विद्यापीठात शिकलेला माणूस आहे, बाई, असल्या गोष्टींवर फारसा विश्वास ठेवत नाही." त्यांनी आवाज उतरवला. "पण उशीर करू नका. तिची सावली बघा किती फिकट पडतेय."

मी बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

शिबुएंचं घर टेकडीच्या पायथ्याशीच होतं. मी दार वाजवायच्या आत ते उघडलं. साठीची, हडकुळी, पाठीत वाकलेली बाई. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आलीस व्हय? कवाची वाट बघतीय. ये आत. तो बसलाय जेवायचा."

कानाएनं पायातले बूट काढले, टोकं बाहेरच्या दिशेला करून नीट लावले आणि स्वतःच्या घरात शिरावं तशी आत गेली. मी तिच्यामागं धावले. बैठ्या मेजावर तीन वाट्या वाफाळत होत्या. त्यातली एक अर्धी संपलेली होती.

"शिबुएबाई," मी म्हणाले, "ही मुलगी मेलेली नाही. तुमचा गैरसमज झालाय. मी हिची मावशी, ही माझ्याकडे असते. हिचं नोव्हेंबरात लग्न आहे."

बाईनं समजूतदारपणे मान हलवली, वेड्याशी बोलताना आपण हलवतो तशी. कानाएचा हात हातात घेतला. "न्हाई वो. गार हाय की. रोजच्यासारखाच गार."

"मावशी, खरंच?" कानाए माझ्याकडे वळली. "मी वाचले होते का?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवणकाम करणारी बाई मी, सुया माझ्या पिशवीत कायम असतात. मी एक जाड सुई काढली, पोरीची करंगळी धरली आणि टोचली. खोलवर. ती कळवळली.

आधी काहीच आलं नाही. मी बोट दाबत राहिले. मी आयुष्यात कधी देवाला एवढं विनवलं नसेल. मग एक लाल थेंब वर आला, फुगला आणि मेजावर पडला.

शिबुएबाई त्या थेंबाकडे बघत राहिली. तिनं तो बोटानं पुसला, नाकाशी नेला, आणि मटकन खाली बसली.

"रगात आलं," ती म्हणाली. "अगं बाई, रगात आलं! मी इचारलं होतं वो! लाटेनंतर मी सवताच गेले होते तकडं. मानसं म्हनली, त्या घरातलं कुनी न्हाई उरलं. पुढच्या हिवाळ्यात माजा गेला. त्याच्या कपाटात हिचाच फोटू होता. मी म्हटलं, दोगं बी गेली, तर दोगांना भेटवावं. माजं चुकलं. माजं लई चुकलं."

"चुकलं ते चुकलं. आता चला, आणि ते चित्र जाळा."

ती उठली नाही. "मग तो?" तिनं विचारलं.

"कोण तो?"

"माजा तोमोया. इतकी वर्सं एकटा बसायचा वो त्या कोपऱ्यात, तोंड फिरवून. ही आली तवापासनं जेवतो, हसतो. हिला काढली की परत भिताडाकडं तोंड करून बसंल. तुमी आई असता तर तुमी काय केलं असतं?"

"आईच आहे मी!" मी ओरडले. "हीच माझी पोर! तुमच्या मुलाला सोबत हवी म्हणून मी माझी पोर मसणात धाडू?"

हे बोलले आणि जीभ चावली. पण शब्द सुटला होता. कोपऱ्यात काहीतरी हललं. कानाएची मान तिकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर लग्नाच्या चित्रातलं हसू आलं. ते शिबुएबाईनंही पाहिलं. पोरीच्या करंगळीवरचं रक्त अजून ओलं होतं. बाईनं आपल्या बाहीनं ते हळूच टिपलं, मग भिंतीला धरून उठली आणि पायात चपला घातल्या.

देवळाच्या आवारात जुने ताईत-गंडे जाळायचा खड्डा आहे. गुरुजींनी त्यात विस्तव केला. शिबुएबाईनं चित्र स्वतः उतरवून आणलं, पण हातातून सुटेना. गुरुजी म्हणाले, "त्याला सांगा, बाई. खरं काय ते सांगा."

तिनं चित्र छातीशी धरलं. मग तिचा आवाज फुटला.

"तोमोया, आई बोलतीय. ऐक. ही जित्ती हाय. आपली न्हाई ही, सोड हिला." ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडून इतक्या वर्षांत एकदाही निघालं नसावं, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. "तू छपरावरचा बर्फ काढताना पडलास, बाळा. तू मेलायस. तू मेलायस रे, सोन्या."

आणि तिनं चित्र विस्तवात टाकलं.

रंग करपले, कागद वळला. कानाए एकदम थरथरायला लागली. मी तिला मिठीत घेतलं तर तिचं अंग तापल्यासारखं गरम होतं. ती रडत होती, पण रडणं साधं होतं, जुना मित्र गेल्याचं कळल्यावर माणूस रडतं तसं. "तोमोया गेला, मावशी," ती म्हणत राहिली. "तो किती चांगला होता, आणि गेला." मी तिला रडू दिलं. तिची सावली फरशीवर होती, चांगली काळीशार, आणि मी तिच्याकडे आनंदानं बघत होते. शिबुएबाईकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

बस आली तेव्हा ती आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आली. कानाएनं खाली वाकून तिला नमस्कार केला. बाईनं तिच्या पाठीवरून फिरवायला हात उचलला आणि मधेच मागे घेतला.

"खात जा," ती म्हणाली. "पोरंबाळं होऊ दे. आनि हे बघ, या गावात पुना येऊ नगंस. माजा काय भरवसा न्हाई. मी बोलावलं तरी येऊ नगंस, हाक मारली तरी ओ देऊ नगंस."

ती वळली आणि पायथ्याकडे चालू लागली. आम्ही बसमध्ये चढलो. मी कानाएला खिडकीशी बसवलं, तिच्या मांडीवर माझी शाल टाकली. तिनं मला विचारलं, हिरोताकाला इथल्या नासपाती नेऊ या का. इतक्या महिन्यांत तिनं त्याचं नाव स्वतःहून घेतलं नव्हतं. मी म्हणाले, पेटी भरून नेऊ.

तेवढ्यात खालच्या वळणावरून हाक आली. रडवेली नव्हती, रागाचीही नव्हती. घरातली कुठलीही बाई दुपारी अंगणातून मारते तशी, रोजच्या सवयीची.

"सूनबाई! अगं, जेवन गार होतंय!"

कानाएची मान वळली. मी झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. तळहाताखाली तिचे ओठ हलत होते. "आले, आई." बस सुटली, वळण गेलं, गाव गेलं, तरी मी हात काढला नाही.